पस्तिशीत हाती घेतलेला कॅमेरा

प्रश्न : ताई, मी ३५ वर्षांची आहे. बँकेत नोकरी करते, मुलगी दुसरीत आहे. दोन वर्षांपासून पक्ष्यांचे फोटो काढते. माझ्याकडे ३०० मिमीची लेन्स आहे. वन्यजीव छायाचित्रकार व्हावं असं मनापासून वाटतं. पण सगळे सांगतात, मोठी लेन्स नाही, महिनोन् महिने जंगलात राहता येत नाही, तर हे तुझं काम नव्हे. मला उशीर झाला का?

उत्तर : वयाचं आधी बोलू. एमा टर्नर ही इंग्लंडमधली पक्षी अभ्यासक १८६७ साली जन्मली. १९०० साली रिचर्ड किअर्टन या पक्षी छायाचित्रकाराशी तिची ओळख झाली आणि त्यानंतर तिने कॅमेरा हाती घेतला. तेव्हा तीही जवळजवळ तुमच्याच वयाची होती. नॉरफकमधल्या हिकलिंग ब्रॉड या पाणथळीत ती हाऊसबोटीवर राहायची. नॉरफकमध्येच १९११ साली तिने बिटर्न या बगळ्याच्या कुळातल्या पक्ष्याच्या पिल्लाचा फोटो काढला. ब्रिटनमधून या पक्ष्याची वीण नाहीशी झाली होती. तो परत आल्याचा पहिला पुरावा म्हणजे हा फोटो. त्या पाणथळ भागाची इतकी ओळख झाली होती म्हणूनच तिला ते पिल्लू सापडलं, असं मला वाटतं.

मीही नोकरी करतच शिकले. आठवड्यातल्या दोन सकाळी, एकच तळं, सलग तीन वर्षं. पहिल्या वर्षी हजारो फोटो निघाले, पण जपून ठेवावा असा एकही नव्हता. मग कॅमेऱ्याच्या पिशवीत वही ठेवायला लागले. कोण कुठे बसतो, किती वाजता येतो, ऊन कुठून पडतं, एवढंच लिहायचे. त्या वहीने मला खंड्या शिकवला. तो त्याच त्या दोन-तीन फांद्यांवर परत येतो. मासा पकडला की फांदीवर आपटतो आणि डोक्याकडून गिळतो. एका सकाळी मात्र त्याने मासा उलटा धरला होता, डोकं चोचीच्या टोकाकडे. म्हणजे घास स्वतःसाठी नव्हता, जोडीदाराला किंवा पिल्लांना भरवायचा होता. घरटं जवळपास आहे हे मला त्या माशाने सांगितलं. हे कुठलीही लेन्स सांगत नाही.

तुमची ३०० मिमी पुरेशी आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, लहान (१.५ पट क्रॉपचा) असेल, तर ती ४५० मिमीच्या लेन्सइतकं जवळचं दाखवते. उभं राहून फोटो काढू नका, चक्क पोटावर झोपा. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आलात की मागचं गवत आपोआप धूसर होतं. पांढरा बगळा काळसर पाण्यापुढे असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे प्रकाश निम्म्यावर आणा, नाहीतर पिसांचा नुसता पांढरा डाग उरतो. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा. आणि फक्त मोठ्या जनावरांच्या मागे जाऊ नका. २०२२ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेचा सर्वोच्च मान कॅरीन आयग्नर यांना मिळाला तो ‘कॅक्टस बी’ या मधमाश्यांसारख्या कीटकांच्या फोटोसाठी. टेक्ससच्या तापलेल्या जमिनीवर या माश्यांचा गोळा गडगडतोय, असा तो फोटो आहे.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. टिबुकली या लहानशा पाणपक्ष्याचं घरटं पाण्यावर तरंगतं. घरट्यावरून उठताना ती अंडी पाणगवताने झाकून जाते. दुसऱ्या वर्षी चांगला कोन मिळावा म्हणून मी गुडघाभर पाण्यात उतरले. ती दचकली, सरळ बुडी मारून गेली आणि अंडी उघडी राहिली. मी मागे सरेपर्यंत कावळा आला होता. त्याचे फोटो माझ्याकडे आहेत, अगदी स्पष्ट. ते मी कुणालाही दाखवलेले नाहीत. तेव्हापासून पक्ष्याने चरणं थांबवून मान ताठ केली की मी जागीच थांबते. तरी तो सैल झाला नाही तर मागे फिरते. घरट्यांचे फोटो काढणं तर सोडूनच दिलं.

प्रश्न : पहाटे एकटीने जायची भीती वाटते. शिवाय तासन् तास बसायचं म्हणजे बाईमाणसाची अडचण असतेच. तुम्ही काय करता?

उत्तर : भीती वाटते हे तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. बहुतेक जणी हे बोलतच नाहीत. नवीन जागी मी पहिल्यांदा कॅमेरा नेत नाही. भर दिवसा, सोबत कुणाला तरी घेऊन जाते आणि बाहेर पडायच्या दोन वाटा बघून ठेवते. कुठे चालले, किती वाजता परतणार, हे घरी एका माणसाला माहीत असतंच. एकाच जागी सारखं जाण्याचा इथेही उपयोग होतो. तिथले मासेमार, राखणदार ओळखायला लागतात. मनात पाल चुकचुकली तर त्या क्षणी निघते, समोर कितीही सुंदर पक्षी असो.

दुसऱ्या अडचणीवर सुरुवातीला मी चुकीचा उपाय केला. पाणीच प्यायचे नाही. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि दोन आठवडे अंथरुणात गेले. पाणी प्या. लपून बसायचा छोटा तंबू मिळतो, तो आडोशालाही चालतो. पाळीच्या दिवसांत मी बैठक दोन तासांवर आणते. जड लेन्स कधी घेतलीत तर हातात तोलू नका, वाळूच्या किंवा धान्याच्या पिशवीवर टेकवा. माझा खांदा हे उशिरा शिकला.

प्रश्न : यावर पोट भरेल का?

उत्तर : नुसते फोटो विकून क्वचितच भरतं. माझ्या ओळखीतल्या बहुतेकजणी शिकवतात, लिहितात, सहली नेतात, संशोधकांसोबत काम करतात. बँकेची नोकरी आत्ता सोडू नका. एक जागा निवडा, वर्षभर तिथेच जा. पुढच्या वर्षी मला एकाच पक्ष्याचे दहा फोटो पाठवा आणि सोबत तुमच्या वहीचं एक पान.