ताई, पक्ष सोडू का?

प्रश्न : ताई, मी सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या गावातली. माझी जाऊ नगरपंचायतीत निवडून आलीय, पक्षाच्या चिन्हावर. नळपाण्याच्या कामावरून तिचं आणि पक्षातल्या मोठ्या लोकांचं पार फाटलंय. वॉर्डात टँकर कधी येणार हे तिला लोकांकडून कळतं, मीटिंगमध्ये बोलायला उठली की खाली बसवतात. आता ती म्हणते, ममता बॅनर्जींनी नाय काँग्रेस सोडली, मगे मी कित्याक घाबरू? तुम्ही सांगा, तिनं सोडावा का पक्ष?

उत्तर : तुमच्या जावेचा राग मला पटतो. पण ममतांचं नाव घेतलंच आहे तर त्यांची पूर्ण कथा तिला सांगा, कारण लोकांच्या लक्षात फक्त दोन टोकं राहतात, काँग्रेस सोडली आणि मुख्यमंत्री झाल्या, आणि मधली तेरा वर्षं कोणी सांगतच नाही.

१९८४ साली बंगालमधल्या जादवपूरमधून मार्क्सवादी नेते सोमनाथ चॅटर्जींना हरवून त्या पहिल्यांदा लोकसभेत गेल्या. १९८९ ला पडल्या, १९९१ ला दक्षिण कोलकात्यातून परत आल्या, केंद्रात राज्यमंत्री झाल्या. म्हणजे पक्षानं काहीच दिलं नव्हतं असं नाही. भांडण होतं ते बंगालमधल्या काँग्रेसशी. १९९० मध्ये कोलकात्याच्या हाजरा चौकात त्यांच्या डोक्यात काठ्या बसल्या, २१ जुलै १९९३ ला त्यांच्या युवक काँग्रेसच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि १३ जण गेले, आणि एवढं होऊन प्रदेश काँग्रेसचे नेते राज्यात सत्तेवर असलेल्या डाव्यांशी जुळवून घेतात हे त्यांना सहन होईना. अशा नेत्यांना त्या कलिंगड म्हणायच्या, वरून हिरवं आणि आतून लाल. प्रदेशाध्यक्षपदासाठी त्या सोमेन मित्रांविरुद्ध लढल्या आणि हरल्या. मग ऑगस्ट १९९७ मध्ये कोलकात्यात स्टेडियमच्या आत काँग्रेसचं अधिवेशन चालू असताना यांनी बाहेर मैदानात आपली वेगळी सभा घेतली. माझ्या मते पक्ष फुटला तो त्या दिवशीच, डिसेंबरमध्ये हकालपट्टी झाली तो नुसता कागद.

आता एक गोष्ट जावेला नीट ऐकवा. लोकसभा ४ डिसेंबर १९९७ लाच बरखास्त झाली होती आणि ममतांना काढलं ते त्यानंतर, म्हणजे गमवायला खासदारकीच उरली नव्हती. निवडणूक तोंडावर होती. १ जानेवारी १९९८ ला तृणमूल काँग्रेस निघाली, चिन्ह गवतातली दोन फुलं, (आपल्याकडे कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तोच महिना) आणि दोन-तीन महिन्यांत नवख्या पक्षाचे ७ खासदार आले, बंगालमध्ये जुन्या काँग्रेसचा फक्त १. कार्यकर्ता आधीच त्यांच्याबरोबर निघून आला होता म्हणून हे झालं.

आणि तरीसुद्धा पुढे काय हाल झाले बघा. रेल्वेमंत्री झाल्या, २००१ मध्ये एनडीए, म्हणजे भाजपची आघाडी सोडली, काँग्रेसशी युती करून विधानसभा लढल्या तर ६० जागा, परत एनडीएत गेल्या, २००४ मध्ये लोकसभेत पक्षाची एकच जागा राहिली ती त्यांची स्वतःची, २००६ च्या विधानसभेत २९४ पैकी ३०. त्यावेळी दिल्लीतले लोक त्यांना संपलेलं धरून चालले होते. मग सिंगूरमध्ये कारखान्यासाठी घेतलेल्या शेतजमिनीचं आंदोलन, त्यासाठी २६ दिवसांचं उपोषण, मार्च २००७ मध्ये नंदीग्रामला जमीन वाचवणाऱ्या गावकऱ्यांवरचा गोळीबार. आणि परत उभ्या राहिल्या त्या कुठून, तर २००८ च्या पंचायत निवडणुकीतून, पूर्व मेदिनीपूर आणि दक्षिण २४ परगणा या दोन जिल्हा परिषदा त्यांनी डाव्यांकडून घेतल्या. २०११ मध्ये १८४ जागा आणि ३४ वर्षांचं डाव्यांचं राज्य गेलं ते त्याच्यानंतर.

म्हणून मला जावेला विचारायचंय ते एवढंच, की उद्या तू बाहेर पडलीस तर वाडीतली कोण माणसं तुझ्याबरोबर चालत येतील, नावं लिहून काढ. शिमग्याला पालखीबरोबर फिरणारी पोरं, बचतगटाच्या बायका, गणपतीला येणारे मुंबईकर, कोण? पाण्यासाठी येतील ना? नुसती तुझा अपमान झाला म्हणून येणारी नकोत, ती महिन्याभरात घरी जातात. नावं पुरेशी असतील तर मी म्हणेन सोड. नसतील तर आत राहून पाण्यावर बोलत राहा, लेखी बोल, सभेच्या इतिवृत्तात नोंद करायला लाव, आणि तेवढ्यात माणसं जोड.

प्रश्न : पण पक्ष सोडला की पद जातंच का? आमच्याकडे कोणी म्हणतं राजीनामा नाही दिला तर काय होत नाय. (रत्नागिरीहून एक वाचक)

उत्तर : हा गैरसमज फार पसरलाय आणि त्यात बायका जास्त अडकतात, कारण त्यांना कायदा सांगणारा माणूस बहुतेक वेळा त्याच पक्षातला असतो. आमदार-खासदारांसाठी संविधानाची १९८५ ची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आहे, तशी आपल्या नगरपरिषद, नगरपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेसाठी महाराष्ट्राचा १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता (म्हणजे अपात्रता) कायदा आहे. पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेनं सोडलं किंवा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं हा पक्षाचा आदेश, मोडून मतदान केलं आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही तर पद जाऊ शकतं, आणि आपल्या नगरपंचायतीच्या बाबतीत निर्णय जिल्हाधिकारी देतात. राजीनाम्याच्या कागदाची वाट बघायला नको, १९९४ मध्ये गोव्याच्या रवी नाईक खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की माणसाच्या वागण्यावरूनही त्यानं पक्ष सोडला असं ठरवता येतं. म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या स्टेजवर हार घालून घेतलात आणि फोटो सगळीकडे फिरला की तो पुरावा. तेव्हा स्टेजवर चढायच्या आधी वकिलाकडे जा, आणि शक्यतो तालुक्याबाहेरच्या.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे, मलाही हेच लागू का? (गुहागर)

उत्तर : ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवत नाहीत, त्यामुळे पक्षाचा व्हिप तुम्हाला नाही. गावपॅनलवाले चिडतील, तेवढं सोसायची तयारी ठेवा आणि बिनधास्त बोला.

प्रश्न : ममता स्वतः फुटून आल्या, मग त्यांच्यातले फुटले तेव्हा त्यांना राग का आला? (मालवण)

उत्तर : येणारच ना. मुकुल रॉय तर तृणमूलच्या पहिल्या दिवसांपासूनचे, ते २०१७ मध्ये भाजपात गेले, २०२१ मध्ये परत आले. शुभेंदू अधिकारी डिसेंबर २०२० मध्ये भाजपात गेले आणि २०२१ ला नंदीग्राममध्ये त्यांनी खुद्द ममतांना १,९५६ मतांनी हरवलं. ज्या नंदीग्रामच्या आंदोलनानं ममतांना वर आणलं तिथं शुभेंदूंनी स्वतः वर्षानुवर्षं काम केलं होतं, त्यांची माणसं तिथं होती. ममता पक्ष जिंकूनही स्वतः पडल्या आणि नंतर भवानीपूरच्या पोटनिवडणुकीतून निवडून आल्या. राग समजू शकतो, पण आपल्याच पक्षात ज्यानं एखादा भाग बांधलाय त्याचं वेळीच ऐकायला हवं, आणि हे मी देवगडपासून दापोलीपर्यंतच्या सगळ्या पक्षांच्या तालुकाध्यक्षांनाही सांगेन.