घर-जागा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. निवृत्तीनंतर कुडाळला घर बांधायचं मनात आहे. स्टेशनपासून जवळच ३ गुंठ्यांचा प्लॉट दाखवलाय. सातबारा सामायिक आहे, पण एजंट म्हणतो, ‘नंतर वेगळा करून देतो.’ घ्यावा का? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, या कागदांवर नका घेऊ. मी भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा, म्हणून आयुष्यभर मोजणीची साखळी ओढली आहे. ‘नंतर वेगळा करून देतो’ या शब्दावर पैसे मोजलेली माणसं मोजणीच्या दिवशी बांधावर रडताना पाहिली आहेत. सामायिक सातबाऱ्यात तुमचा हिस्सा कागदावर असतो, जमिनीवर कुठला तुकडा तुमचा ते ठरलेलं नसतं. एका सहहिस्सेदारानं हरकत घेतली की सगळं अडतं. शिवाय जमीन शेतीची असेल, तर विकत घेणारा शेतकरी असावा लागतो.

आधी जमीन बिनशेती असल्याचा कागद आणि मंजूर रेखांकन (प्लॉटचा लेआउट) मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत प्लॉट पाडून विकत असतील, तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) नोंदणी क्रमांक विचारा आणि संकेतस्थळावर स्वतः तपासा. वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा ३० वर्षांचा शोध घ्या.

कोकण रेल्वे आली, जिल्ह्यातला हायवे चौपदरी झाला, आता चिपीला विमानतळही आहे. माणसं परत येताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण पाणी? जागा मे महिन्यात बघा. शेजारच्या विहिरीत वाकून बघा, आणि नकाशातल्या ६ मीटर रस्त्यावर टेप धरा. एका ठिकाणी मी धरली, तेव्हा गडग्यापासून (दगडी कुंपणापासून) गडग्यापर्यंत साडेतीन मीटरच भरली होती.