येऊरचा चढ घेण्याआधी
ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या चढावर पळायची घाई करू नकोस. महिन्याभरात दम वाढतो, पोटऱ्या भरतात, आता जमतंय असं वाटतं. पण पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारा स्नायुरज्जू तोवर तयार झालेला नसतो. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून तो फार सावकाश बळकट होतो. हाडाला हाड जोडणारे अस्थिबंधही तसेच. गुडघ्यातल्या कास्थीत, म्हणजे हाडांमधल्या लवचीक गादीत, तर रक्तवाहिन्याच नसतात. या सगळ्या संयोजी ऊती, म्हणजे शरीराचे भाग जोडणाऱ्या आणि त्यांना आधार देणाऱ्या ऊती.

सध्या तलावपाळीला, तळ्याकाठच्या सपाटीवरच पळ. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा हळूहळू खाली सोडायचा व्यायाम कर. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागे ताठरलेलं वाटलं, तर त्या दिवशी नुसतं चाल. आठवडाभर दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखव.