मांडीचे हाड जुळले, पण पाय वाकडा होत चालला आहे. वाढत्या वयात तो आपोआप सरळ होईल का?

तुमचा मुलगा १० वर्षांचा आहे. १४ महिन्यांपूर्वी सायकलवरून पडून त्याचे उजव्या मांडीचे हाड गुडघ्याच्या अगदी वर मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते आणि प्लास्टर काढताना ‘हाड छान जुळले’ असे सांगण्यात आले. आता तो गुडघा आत झुकू लागला आहे आणि शाळेच्या पँटचा उजवा पाय जमिनीवर लोळतो. दुसऱ्या डॉक्टरांनी ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढते ती पट्टी, अर्धवट बंद झाल्याचे सांगून शस्त्रक्रिया सुचवली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे मात्र असे की वाढते वय आहे, मालिश करा, पाय सरळ होईल. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मुलाला तपासल्याशिवाय त्याच्यासाठी नेमके काय करावे हे मी सांगू शकणार नाही. पण तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

वडीलधारी माणसे चुकीचे बोलत आहेत असेही नाही. लहान मुलाचे मनगटाजवळचे हाड थोडे वाकडे जुळले, तरी वर्षा-दीड वर्षात ते इतके सरळ होते की जुना एक्सरे दाखवल्याशिवाय कोणाचा विश्वास बसत नाही. परंतु हे सरळ करण्याचे काम मुख्यतः हाडाच्या टोकाजवळ असलेली कूर्चेची पातळ पट्टी, म्हणजे ग्रोथ प्लेट, करत असते. तुमच्या मुलाच्या बाबतीत ही पट्टीच जखमी झाली आहे. दुरुस्त करणारा कारागीरच आजारी पडला, तर दुरुस्तीची वाट कितीही पाहिली तरी ती होणार नाही, उलट वाकडेपणा दरवर्षी वाढत जाईल.

मुलांमध्ये ही पट्टी सांध्याभोवतीच्या अस्थिबंधांपेक्षाही कमकुवत असते, त्यामुळे ज्या पडण्याने मोठ्या माणसाचा सांधा नुसता मुरगळला असता त्याच पडण्याने मुलाची ग्रोथ प्लेट सरकते. टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या दोन शल्यचिकित्सकांनी १९६३ साली अशा मोडींचे पाच प्रकार मांडले आणि आजही आम्ही तेच वापरतो. सर्वसाधारण नियम असा की दुसरा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि तो बहुधा निर्धोक असतो, तर चौथ्या आणि पाचव्या प्रकारात वाढ थांबण्याची भीती जास्त असते. गुडघ्याच्या वरची जागा मात्र या नियमाला जुमानत नाही. तिथली पट्टी सपाट नसून पन्हळी पत्र्यासारखी वरखाली असते. ती सरकताना उंचवटे एकमेकांवर घासून चिरडले जातात, आणि म्हणूनच मनगटात शंभरातल्या चार-पाच मुलांच्या वाढीत अडथळा येत असेल, तर इथे सुमारे निम्म्या मुलांच्या वाढीत काही ना काही बिघाड होतो. पहिले उपचार उत्तम झाले असले तरीही हे घडू शकते, तेव्हा आधीच्या डॉक्टरांना लगेच दोष देऊ नका. चूक झाली असेलच तर ती पुढच्या तपासणीसाठी न बोलावण्यात झाली असावी. प्लास्टर कापले की लोक पेढे घेऊन येतात आणि पुन्हा दिसत नाहीत, हा माझाही अनुभव आहे. अशा मुलाचा एक्सरे सहा महिन्यांनी, आणि पुढेही काही काळ ठरावीक अंतराने, काढायलाच हवा असतो, कारण तोवर हाड जुळले की नाही हा प्रश्न मागे पडून ते वाढते आहे की नाही हा प्रश्न उभा राहिलेला असतो.

हे एक्सरेवर तुम्हालाही पाहता येईल. दुखापतीच्या काळात हाडाची वाढ काही दिवस मंदावते आणि त्याची खूण म्हणून एक बारीक पांढरी रेघ उमटते. पुढे वाढ नीट झाली तर ही रेघ ग्रोथ प्लेटला समांतर राहून तिच्यापासून दूर सरकते. वाढ एका बाजूला अडली असेल, तर रेघ तिरपी होते आणि अडलेल्या बाजूला पट्टीला येऊन भिडते. त्या ठिकाणी पट्टीच्या आरपार हाडाचा पूल तयार झालेला असतो, आम्ही त्याला बार म्हणतो. तुमच्या मुलाचा गुडघा आत झुकतो आहे, म्हणजे बहुधा बाहेरच्या बाजूला असा पूल बसला आहे आणि आतली बाजू वाढतच आहे. मी पालकांना फिल्म उजेडासमोर धरून त्या रेघेवरून बोट फिरवायला सांगतो. बोट पट्टीवर जाऊन टेकले की बरेचसे समजावणे आपोआप होते.

आता हिशेब. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ या खालच्या टोकातून होते, वर्षाला साधारण ९ ते १० मिलिमीटर. मुलांची वाढ साधारण १६व्या वर्षापर्यंत चालते, मुलींची १४व्या. तुमच्या मुलाची सहा वर्षे शिल्लक धरली आणि पट्टी पूर्ण बंद पडली, तर आज दिसते आहे त्याखेरीज आणखी साडेपाच-सहा सेंटिमीटर फरक पडू शकतो. म्हणून प्रथम तीन गोष्टी मोजून घ्याव्या लागतात: उभे राहून, गुडघ्याची वाटी समोर ठेवून काढलेला दोन्ही पायांचा कमरेपासून घोट्यापर्यंतचा एक्सरे, हाडांचे खरे वय कळण्यासाठी डाव्या हाताचा एक्सरे, आणि पूल कुठे व किती मोठा आहे हे दाखवणारा एमआरआय.

पूल पट्टीच्या अर्ध्याहून लहान असेल आणि वाढीची निदान दोन वर्षे शिल्लक असतील, तर तो कोरून काढून त्या पोकळीत मुलाच्याच शरीरातली चरबी भरता येते, म्हणजे हाड पुन्हा जुळून पूल बनत नाही. फिनलंडच्या लँगेनशोल्ड यांनी ही पद्धत १९६७ साली मांडली. ती दर वेळी यशस्वी होतेच असे नाही, आणि हे तुम्हाला आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. इंटरनेटवर मुलांचे वाकडे गुडघे इंग्रजी आठच्या आकाराच्या छोट्या प्लेटने सरळ झाल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ती प्लेट एका बाजूची वाढ रोखते आणि दुसरी बाजू वाढून पाय सरळ होतो. पण तुमच्या मुलाची ही ‘दुसरी बाजू’च पुलाने बांधलेली आहे, त्यामुळे पूल काढल्याशिवाय नुसती प्लेट लावून पाय सरळ होणार नाही, फार तर वाकडेपणा वाढायचा थांबेल.

पूल मोठा असेल तर मार्ग वेगळा. तेव्हा उरलेली पट्टीही बंद करून हाड कापून सरळ करतात आणि लांबीचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवतात. दोन सेंटिमीटरपर्यंतचा फरक बुटाच्या टाचेने भागतो. दोन ते पाचच्या दरम्यान असेल, तर योग्य वयात चांगल्या पायाची वाढ थोडी आधी थांबवतात. पालकांना हे ऐकून धक्का बसतो, पण अनेकदा हाच सर्वांत कमी त्रासाचा उपाय असतो. त्याहून जास्त फरकासाठी सायबेरियातल्या कुर्गान येथील शल्यचिकित्सक इलिझारोव्ह यांच्या तत्त्वानुसार हाड कापून, पिनांनी त्याला जोडलेल्या बाहेरच्या फ्रेमच्या साहाय्याने ते हळूहळू लांबवतात: दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर करून. पाच सेंटिमीटरसाठी नुसते लांबवायलाच पन्नास दिवस लागतात आणि नवे हाड पक्के होईपर्यंत आणखी काही महिने फ्रेम अंगावर राहते. त्या काळात पिनांच्या जागी जंतुसंसर्ग होतो, गुडघा आखडतो आणि रोजची फिजिओथेरपी टाळता येत नाही.

मालिश, पट्टा, कॅल्शियमच्या गोळ्या यांपैकी कशानेही पूल तुटत नाही. मालिशने मुलाला बरे वाटत असेल तर हलक्या हाताने करायला हरकत नाही, पण हाडवैद्याकडे नेऊन गुडघा जोराने दाबून ‘बसवून’ घेऊ नका. सहा महिने मालिशमध्ये गेले, तर तेवढी वाढ पूल काढल्यानंतरच्या हिशेबातून वजा होते.

लहान मुलांच्या अस्थिरोगाचे काम नियमित करणाऱ्या तज्ज्ञाचे मत येत्या काही आठवड्यांत घ्या. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात असा विभाग आहे. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. जाताना केवळ नवे रिपोर्ट नेऊ नका, अपघाताच्या दिवशीची पहिली फिल्म कपाटातून शोधून न्या, कारण मोड कोणत्या प्रकारची होती हे तिच्यावरूनच कळते.