भिंतीला भिंत, आणि अँप किती वॉटचा?

प्रश्न : महाल भागातल्या छोट्या घरात हवाईयन गिटारवर जुनी गाणी वाजवतो, गणपतीत मंडळापुढेही. १० वॉटचा अँप (अँप्लिफायर) पुरेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : काका, घरी पुरेल, मंडळापुढे नाही. साध्या गिटारवाल्यांना आवाज थोडा फाटलेला चालतो, किंबहुना आवडतो. आपल्याला स्वच्छच हवा. तारांवर बार (धातूची कांडी) सरकवून मींड घेताना सूर विरू लागतो, तसं आवाज वाढवायला आपण पायाखालचं व्हॉल्यूम पेडल दाबत जातो. तार छेडतानाच अँप दमला, तर पुढे दाबून काय उपयोग?

म्हणून वॉट जास्त घ्या, आवाज कमी ठेवा. बॉस कटाना ५० या ५० वॉटच्या अँपमध्ये १२ इंची स्पीकर आहे, आणि अर्ध्या वॉटवर आणायचा स्विचही. रात्री शेजारी ओरडणार नाहीत. रोलँड क्यूब स्ट्रीट हा अँप सहा पेन्सिल सेलवर चालतो, पण ५ वॉटचाच, म्हणजे वीज गेल्यावरच्या रियाजापुरता.

बर्डीवर (सीताबर्डीत) दुकानात जाल तेव्हा आपलीच गिटार अन् बार न्या. दुकानदार हमखास डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावून दाखवतो, ते बंद करायला लावा. जाड तार जोरात छेडा, स्पीकर खरखरला तर पुढचा बघा. बारीक तार बाराव्या पट्टीवर टोचली तर ट्रेबल उतरवून पाहा; तरीही टोचली तर सोडून द्या.