एतेल अदनान पहिल्यांदा बघताना

अमूर्त चित्रं 'कळत नाहीत' म्हणून बिचकू नका. लेबनॉनच्या चित्रकार एतेल अदनानपासून सुरुवात करताय, हे फार छान.

१. आधी चित्र, मग पाटी. नवखे नेमकं उलटं करतात.

२. जवळ जा. त्यांची बरीचशी चित्रं लहान आहेत. त्या कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवून ट्यूबमधला रंग पॅलेट नाइफने (रंगाच्या चपट्या सुरीने) थेट पसरवायच्या. एक रंग दुसऱ्याला भिडतो, तिथे रंगाचा बारीक बांध उभा राहिलेला दिसेल. फोटोत तो हरवतो, म्हणून तिथेच रेंगाळा.

३. लाल चौकोन दिसला की लगेच बैरूतचं युद्ध शोधू नका. कित्येकदा तो नुसता लाल असतो, आणि तेवढा पुरतो.

डोंगराचा आकार पुन्हा पुन्हा भेटेल. तो बहुधा कॅलिफोर्नियातला तामालपाइस. वर्षानुवर्षं त्यांनी तो रंगवला. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात एकल प्रदर्शन चालू असतानाच त्या ९६व्या वर्षी पॅरिसमध्ये गेल्या. (आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शनही २०१४ मध्ये तिथेच भरलं होतं.)

सगळी भिंत एका फेरीत उरकू नका. तीनच चित्रं निवडा, प्रत्येकासमोर पाच मिनिटं थांबा. त्यांनी रंगवलेल्या घडीच्या लांब वह्या पुढच्या खेपेला.