‘श्री’ व्हायला निघालेल्या पोराला पत्र

भाऊ,

कसा शे? जिल्हा श्रीच्या बॉडीबिल्डिंग स्पर्धेत उतरायचा तुझा मेसेज वाचला, फोटोही पाहिले. खांदे छान भरलेत. पाठ अजून रिकामी आहे, आणि मांड्यांचा एकही फोटो तू पाठवला नाहीस. त्यावरून काय समजायचं ते समजलो.

‘जिल्हा श्रीच्या आधी कोणता कोर्स करू?’ असं विचारलंस. हा कोर्स कॉलेजातला नव्हे, स्टिरॉइडच्या सुयांचा, हे मलाही कळतं. त्यावर येतोच. पण सुईशिवाय अंगात जे यायचं, ते तरी तू पुरतं काढलंयस का?

झोपेचंच बघ. रात्रीची थ्री-फेज लाइट आली की शेतातली मोटार चालू करायला तूच उठतोस, हे तुझ्या बोलण्यात येऊन गेलं. वजन उचलताना स्नायूवर फक्त ताण येतो. तो भरतो नंतर, खाण्याने आणि झोपेने. लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात दुपारी झोप काढ आणि सेट कमी कर. केळीची गाडी भरायची असेल त्या दिवशी पायांचा व्यायाम करू नकोस. घड वाहून मांडी वाढत नाही, थकवा तेवढा वाढतो.

आता ताट. तुझं वजन पंच्याहत्तर. किलोमागे 1.6 ते 2.2 ग्रॅम धरलं तर दिवसाला 120 ते 165 ग्रॅम प्रोटीन झालं. आपल्याकडचे पोरं इथेच फसतात. जेवण दणकून असतं, पण शेवभाजीच्या तर्रीत प्रोटीन कुठून येणार? एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत पन्नासच्या आसपास, तेवढ्याच कच्च्या उडदाच्या डाळीत चोवीस-पंचवीस. माय कळण्याची भाकरी करते ना? तिला हलकी समजू नकोस. ज्वारीत लायसिन, म्हणजे प्रोटीनचा एक घटक, कमी असतो, उडदात भरपूर, त्यामुळे दोन्हींचं मिळून प्रोटीन चांगलं जमतं. भरीत खुशाल खा, फक्त वरच्या तेलावर लक्ष ठेव. व्यायामाआधी दोन केळी खा, तुझ्या घरी ती कुठे विकत आणायचीत! परवडलं तर क्रिएटिन घे, रोज तीन ते पाच ग्रॅम. प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्याच्या नादी लागू नकोस. त्यात नकली माल फार, आणि व्हे प्रोटीन म्हणजे शेवटी दुधातलंच प्रोटीन.

जिममध्ये वही ने. किती वजन, किती रेप्स, म्हणजे एका सेटमध्ये किती वेळा उचललं, लिहून ठेव. मागच्या महिन्यापेक्षा वजन किंवा रेप्स वाढले नसतील तर नुसता घाम गेला. प्रत्येक स्नायू आठवड्यातून दोनदा, मिळून दहा ते वीस सेट. आरशात दिसतं म्हणून छाती-बायसेप्स सगळेच मारतात. जज मात्र तुला वळायला लावतो. बॅक डबल बायसेप्सला, म्हणजे पाठमोरं उभं राहून दोन्ही दंड दाखवायच्या पोझला, पाठ, पुठ्ठे, हॅमस्ट्रिंग, पिंढऱ्या, सगळं एकदम उघडं पडतं. मेन्स फिजिक नावाच्या गटात बोर्ड शॉर्ट्सखाली मांड्या झाकता येतात म्हणून तिकडे पळणारे खूप आहेत. तू त्यातला होऊ नकोस. उंची कमी असल्याची तक्रार तर करूच नकोस. बॉडीबिल्डर मनोहर ऐच चार फूट अकरा इंचांचे होते. इंग्रजांच्या तुरुंगात त्यांनी व्यायाम केला आणि 1952 मध्ये मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत कमी उंचीच्या गटात पहिले आले.

पोझिंग रोज कर. सातही पोझ, प्रत्येक वीस-तीस सेकंद, चेहऱ्यावर त्रास न दाखवता. चांगली बॉडी असून स्टेजवर थरथरणारी पोरं मी खूप पाहिलीत.

आता कोर्स. मोठ्या स्टेजवर औषधं चालतात, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तुला सुई देणारा कोणी अनोळखी माणूस नसेल. तुझ्याच जिममधला, तू ज्याला मानतोस तो दादा असेल. तो फायदा सांगेल तेव्हा पुढचं तू विचार. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना द्यायचा हुकूम थांबवतो, ती आकसतात. चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, रक्त घट्ट होतं, हृदयाची भिंत जाडावते. कोर्स थांबवल्यावर कित्येक महिने अंगात जोर नाही आणि मनही थाऱ्यावर नाही, असं होऊ शकतं. मेफेंटरमाइनची सुईही हल्ली जिममध्ये फिरते. ते ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं बीपी चढवायचं औषध आहे. आणि स्पर्धेआधी अंग ‘ड्राय’ करायला पाणी काढणारी गोळी कोणी दिली तर तिथून सरळ निघून ये. बॉडीबिल्डर मोहम्मद बेनाझिझा 1992 मध्ये हॉलंडमधली स्पर्धा जिंकून काही तासांत गेला, तो अशाच औषधांपायी. आपल्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात पाणी तोडणं तर निव्वळ वेडेपणा.

तुझं उत्तर एवढंच: यंदा कोर्स नाही. सोळा आठवडे कटिंग कर, म्हणजे चरबी उतरव; आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरव, त्याहून जास्त नाही.

पैशांचं थोडक्यात. जिल्ह्याचं बक्षीस टॅन, म्हणजे स्टेजसाठी अंगाला लावायचा रंग, आणि गाडीभाड्यात जातं. या धंद्यात घर चालतं ते पर्सनल ट्रेनिंगवर, स्वतःच्या जिमवर किंवा क्रीडा कोट्यातल्या नोकरीवर. संघटना ढीगभर झाल्यात. एन्ट्री फी भरण्याआधी त्या संघटनेचं सर्टिफिकेट नोकरीला चालतं का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचार. बी.एस्सी. सोडायचा विषय माझ्यासमोर काढू नकोस.

येत्या रविवारी भुसावळला ये. उपाशीपोटी लिपिड, लिव्हर, किडनीच्या तपासण्या आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून रिपोर्ट आण. वही आण, हाफ पँट आण. आधी स्क्वॉट बघतो, मग बोलू.

तुझा,
दादा